नमुना क्रमांक अकरा

लेकीने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा निरीक्षक साखरेच्या चमच्यावरचा उंचवटा बोटाने सपाट करत होते. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरी चमचा शिगोशीग नसतो. इमारतीत त्यांना पाठीमागे 'मिलिग्रॅम' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि आत कुठेतरी आवडतही होतं, कारण म्हणणारे लोक किलोच्या बाबतीतही ढिले होते.

"कोणाशी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ओळखता त्याला. बाजारामागच्या गल्लीत काटे दुरुस्त करतो तो."

साखर पुन्हा डब्यात गेली. ज्यांचा या खात्याशी संबंध आला नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही, म्हणून सांगायला हवं. दुकानदाराचा काटा बिघडला की परवानाधारक दुरुस्तीवाला तो दुरुस्त करतो, आणि मग निरीक्षक तो तपासून त्यावर शिक्का मारतात. म्हणजे एकाने केलेलं काम दुसऱ्याने संशयाने बघायचं, असं हे नातं आहे. दुरुस्तीवाला फाइल घेऊन कचेरीत येतो आणि टेबलासमोर उभा राहतो. हा काटेवाला आठ वर्षं येत होता. आठ वर्षांत निरीक्षकांनी त्याला बस म्हटलं नव्हतं आणि तो बसला नव्हता. हा माणूस जावई झाला तर घरात कुठे बसणार, हाच प्रश्न निरीक्षकांच्या मनात सगळ्यात आधी आला.

लेक औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एका विभागाची प्रमुख होती. तिथला सगळ्यात नाजूक काटा दर वेळी वेगळं वजन दाखवायला लागला होता. कंपनीचे दोन इंजिनियर आले आणि नवा घ्या म्हणून गेले. मग कोणीतरी काटेवाल्याला बोलावलं. त्याने काटा उघडलाच नाही. दोन तास शेजारी स्टुलावर बसून राहिला आणि म्हणाला, "काट्यात काही नाही मॅडम. टेबल हलतंय. खाली पाण्याचा पंप सुरू झाला की हलतं." काटा दगडी ओट्यावर ठेवला आणि सुतासारखा सरळ झाला. ज्या माणसाला न बिघडलेली वस्तू न उघडण्याची अक्कल आहे, तो लेकीला आवडला.

"तो चांगलाच आहे," निरीक्षक म्हणाले. "त्याच्या कामात मला कधी खोट सापडली नाही. पण मी हमालाचा मुलगा. वडील वजनं उचलायचे, मी वजनं तपासतो. स्वतःच्या हिमतीवर एकेक पायरी चढलो. सहा बदल्या झाल्या, पण काटा वाकू दिला नाही. आणि तू आठव्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसणार? खाली लग्न केलेली बाई खाली येते. तिची मुलंही खालीच राहतात."

"हे मोजलंय बाबा, की वाटतंय?"

हा प्रश्न निरीक्षकांचा स्वतःचा होता. एकतीस वर्षं तो त्यांनी दुकानदारांना विचारला होता, आणि लेक चार वर्षांची असल्यापासून घरातही. आता तो परत आला होता, आणि त्याला उत्तर एकच होतं.

"मोजतो," ते म्हणाले. "या इमारतीत चौदा घरं आहेत. प्रत्येक घरात निदान एक लग्न झालेलं आहे. कोण कुठल्या पायरीवरून आलं आणि कुठे गेलं, ते काढतो. खालच्या पायरीवर लग्न करूनही बाई खाली आली नाही असं दिसलं, तर मी स्वतः उभा राहून तुझं लग्न लावून देईन. खाली आलेली दिसली तर तू हा विषय सोडायचा."

लेकीने आईकडे पाहिलं. आई खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होती. तिने पान उलटलं.

"कबूल," लेक म्हणाली. "पण निकाल आधी ठरवून काटा धरायचा नाही."

निरीक्षकांना राग आला तो या शेवटच्या वाक्याचा. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा झाला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

एका आठवड्यात त्यांनी नऊ रकान्यांचा फॉर्म तयार केला. सोबत दहा पायऱ्यांचा तक्ता होता. सगळ्यात खाली रोजंदारी, सगळ्यात वर कारखानदार, मध्ये बाकीची माणूसजात. पाचवा रकाना 'विवाहसमयी पत्नीची पायरी', सहावा 'सद्यःस्थितीत पत्नीची पायरी', असं सगळं स्वच्छ होतं. गठ्ठा घेऊन ते सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले.

सेक्रेटरी विम्याचं काम करायचे, त्यामुळे समोरचा माणूस अजून किती वर्षं टिकेल अशा नजरेने ते सगळ्यांकडे बघत.

"फॉर्म वाटायला अर्ज लागेल," ते म्हणाले.

"मी इथेच राहतो."

"म्हणूनच लागेल. बाहेरचे लोक सरळ पत्रपेटीत टाकून जातात, त्यांना काय करणार?"

अर्ज दिला. आठ दिवसांनी उत्तर आलं की हरकत नाही, पण पायऱ्यांचा तक्ता व्यवस्थापन समितीने मंजूर करायला हवा. त्यासाठी तीन बैठका झाल्या. पाण्याची टाकी फुटली होती तेव्हा एक झाली होती. दंतवैद्याच्या बायकोचं म्हणणं पडलं की आठवी पायरी कमी आहे. "आठवीवर तुम्ही प्राध्यापक बसवलेत. त्यांची दाढ दुखली की ते कोणाकडे येतात?" मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे आजोबा म्हणाले की ज्याच्या हातात लोकांचा जीव असतो त्याला चौथी पायरी देणं हे इमारतीला शोभत नाही. सेक्रेटरींनी विमा सातवर नेला आणि समजुतीच्या सुरात सुचवलं, "सरकारी निरीक्षक आपण सहावर ठेवू. नाहीतर लोक म्हणतील, तक्ता ज्याचा त्याच्याच सोयीचा."

हा ठराव निरीक्षकांच्या देखत एकमताने मंजूर झाला. त्यांनी आपली हरकत लेखी नोंदवली, आणि मनातल्या तक्त्यात स्वतःला सातवरच ठेवलं.

फॉर्म कशासाठी आहे हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना माहीत होतं. लिफ्टमध्ये सल्ले मिळू लागले.

"एकाला वर्षभर परदेशात पाठवा," ड्रायव्हिंगवाले आजोबा म्हणाले. "विसरून जातील."

"कोणाला पाठवू? लेकीला की त्याला?"

"कोणालाही. एकजण गेला की झालं."

दंतवैद्याच्या बायकोने जिन्यात गाठून सांगितलं, "भाऊ, मी तुम्हाला बहिणीसारखी म्हणून बोलते. हो म्हणून टाका. माझ्या बाबांनी पाच वर्षं नाही म्हटलं आणि शेवटी आम्हाला कार्यालय मिळालं ते बसस्टँडच्या मागचं."

आता मोजणीतली खरी अडचण. शेजाऱ्याचा फॉर्म शेजाऱ्याने वाचला की मोजणाऱ्याचा हात एका बाजूला झुकतो. काटा तपासताना दुकानदाराचं तोंड बघायचं नसतं, हा खात्यातला पहिला धडा. म्हणून निरीक्षकांनी तळमजल्यावरच्या पोस्टमास्तरीणबाईंना गाठलं. त्या निवृत्त होत्या आणि त्यांनी अडतीस वर्षं लोकांची पत्रं न वाचता पोचवली होती. बंद पाकिटातले फॉर्म त्यांनी घ्यायचे, नावाच्या जागी क्रमांक टाकायचे, उत्तरांचे तक्त्याप्रमाणे आकडे करायचे, आणि निरीक्षकांना फक्त आकडे द्यायचे, असं ठरलं. निरीक्षकांना आपल्या या व्यवस्थेचा इतका अभिमान वाटला की त्यांनी ती बायकोला दोनदा समजावून सांगितली.

"आपल्या घराचा फॉर्म कोण भरणार?" बायकोने विचारलं.

"आपला नको. मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचं नसतं."

"हो का," बायको म्हणाली, आणि गठ्ठ्यातला एक कोरा फॉर्म तिने काढून घेतला. वाणसामानाची यादी करायला घेतला असेल असं निरीक्षकांनी धरलं. पाठकोऱ्या कागदांबद्दल घरात तसं धोरण होतं.

पहिली फेरी पाण्यात गेली. फॉर्म घरपट्टी वाढवण्यासाठी आहे अशी कुजबुज झाली आणि दोन दिवसांत इमारत कंगाल झाली. "नाव सांगत नाही," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "पण एकांनी धंद्याच्या जागी 'दातांची किरकोळ कामं' असं लिहिलंय. कुठला आकडा देऊ?" सगळ्यांची सरासरी पायरी दोन पूर्णांक चार आली. इतक्या हलाखीतल्या लोकांनी लिफ्टला आरसा कसा लावला, असा प्रश्न पडावा.

निरीक्षकांनी फलकावर सूचना लावली की या माहितीचा घरपट्टीशी संबंध नसून ती विवाहविषयक आहे. ही त्यांची चूक. ज्या ज्या घरात लग्नाचा भाचा, पुतण्या किंवा मेहुणा होता त्या घराने फॉर्म मागून घेऊन पुन्हा भरला. ड्रायव्हिंग शिकवणारे आजोबा रातोरात 'वाहतूक प्रशिक्षण संस्थेचे संस्थापक' झाले. सरासरी आठ पूर्णांक एक.

निरीक्षकांनी दोन्ही फेऱ्यांचा मध्य काढला. याला शास्त्रीय आधार थोडा आणि नाइलाज जास्त होता. पण काटा एकदा डावीकडे खोटं बोलला आणि एकदा उजवीकडे, तर खरं कुठेतरी मध्ये पडलेलं असण्याची शक्यता निदान शून्य नसते.

फक्त एका फॉर्मला मध्य काढावा लागला नाही. नमुना क्रमांक अकरा. नऊच्या नऊ रकान्यांत जे पहिल्या फेरीत, तेच दुसऱ्या फेरीत. एकतीस वर्षांच्या नोकरीत निरीक्षकांनी असा काटा तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळा दुकानदाराचा हात हातात घेतला होता.

खरं म्हणजे इथे त्यांनी थांबायला हवं होतं. आपलं घर सोडून तेरा फॉर्म यायला हवे होते आणि आले होते चौदा. पण सेक्रेटरींचे दोन फ्लॅट होते, दोन फॉर्म त्यांनीच भरले असणार, असं म्हणून निरीक्षकांनी हा फरक निकालात काढला. नको असलेला आकडा असा हाताने बाजूला सारला जातो, आणि सारणाऱ्याला आपण काही केलं असं वाटतही नाही.

शनिवारी दुपारी तक्ता घेऊन ते जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर बायको शिकवणीच्या चार मुलांच्या रसायनशास्त्राच्या वह्या तपासत होती.

"ही अकरा नंबरची बाई बघ," ते म्हणाले. "सगळ्या इमारतीत एकटी खरं बोलणारी. लग्नाआधी सहाव्या पायरीवर. वडील सहाव्या. नवरा तिसऱ्या. आणि आज? नवरा सहाव्या, बाई तिसऱ्या. तो जितका चढला तितकी ही उतरली. बेरीज शून्य."

"असं दिसतंय खरं," बायको म्हणाली.

"बाकी सगळ्या बायकांनी बरोबरीत नाहीतर वर लग्नं केलीत. खाली करणारी ही एकच, आणि बघ कशी आली खाली. अपत्य मात्र आठव्यावर. त्या पोरीचा अभ्यास कोणी घेतला असेल?"

"काही अंदाज?"

"नवऱ्याने तर नक्कीच नाही. तो तसला माणूस दिसत नाही."

"कसला दिसतो?"

निरीक्षकांनी आकड्यांकडे नीट पाहिलं. "अप्पलपोटा."

बायकोने वहीत लाल खूण केली. "बरोबर," ती म्हणाली. ते वहीला उद्देशून असावं.

हा गृहस्थ कोण, हे शोधायचं नाही असं निरीक्षकांनीच ठरवलं होतं, त्यामुळे दोन दिवसांत त्यांनी शोधून काढलं. विमेवाला सेक्रेटरी. विमा तक्त्यात सातवर होता, पण प्रामाणिक बायकोने तो एक पायरी खाली उतरवला असणार. दुसरा कोण असणार? त्यांनी सेक्रेटरींसाठी लिफ्ट थांबवणं बंद केलं. एकदा जिन्यात अडवून त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "बायकोला काय हवं-नको ते विचारत जा कधी." सेक्रेटरी पांढरे पडले. आपल्याला माहीत नसलेलं काही या माणसाला माहीत आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते बायकोला घेऊन डॉक्टरकडे गेले, मग चार दिवस सहलीला गेले, आणि परत आल्यावर सेक्रेटरींच्या बायकोने निरीक्षकांना गॅलरीतून हसून हात केला. अन्याय सोसूनही ही बाई किती आनंदी राहते, या विचाराने निरीक्षकांना भरून आलं.

वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तरीणबाई स्वतः वर आल्या. "सभेत मांडू नका हो," त्या म्हणाल्या. "लेकीला आकडे दाखवा आणि सोडून द्या."

"तिला शब्द दिलाय. आणि लोकांनी दोनदा फॉर्म भरलेत. त्यांना निकाल कळायला नको?"

"मी अडतीस वर्षं पोस्टात होते," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. "काही पाकिटं न फुटलेली बरी असतात." पण निरीक्षकांनी तो निवृत्त माणसाचा भावनिकपणा मानला.

सभा इमारतीच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरली. ऐनवेळच्या विषयांत निरीक्षकांना दहा मिनिटं मिळाली होती, टाकीच्या गळतीच्या आधी. लेक दुसऱ्या रांगेत आईशेजारी होती. काटेवालाही आला होता, लेकीने बोलावलं म्हणून. तीन खुर्च्या रिकाम्या असून तो मागे कठड्याशी उभा होता.

निरीक्षकांनी दर वर्षीप्रमाणे सुरुवात केली. "माझ्या सहा बदल्या झाल्या, पण काटा वाकू दिला नाही." लोकांनी दर वर्षीप्रमाणे माना डोलावल्या. मग त्यांनी तक्ता भिंतीला टेकवला आणि पट्टीने नमुना क्रमांक अकरा दाखवला.

"ही बाई कोण, मला माहीत नाही. पण तिच्या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार. शिकलेली, कमावती, सहाव्या पायरीवरची. कुठल्याशा मोहात तिने तिसऱ्या पायरीवरच्या माणसाशी लग्न केलं. तो माणूस आज सहाव्या पायरीवर आहे. सहावी म्हणजे काही फार नव्हे, असेल कोणी किरकोळ अधिकारी. पण तेवढ्यासाठी ही बाई तीन पायऱ्या खाली आली." इथे त्यांनी सेक्रेटरींकडे रोखून पाहिलं. सेक्रेटरींनी आपल्या मागे कोण आहे ते वळून पाहिलं. "खाली लग्न केलं की काय होतं, याचा इमारतीतला हा एकमेव पुरावा. निष्कर्ष स्पष्ट आहे."

लेकीचा चेहरा उतरला. ते निरीक्षकांना दिसलं, आणि तो क्षण त्यांना वाटला होता तितका समाधानाचा गेला नाही. मोजमाप आपण होऊन निर्दय नसतं, निदान ते नीट केलंय एवढं तरी तिला दाखवावं, म्हणून ते पोस्टमास्तरीणबाईंकडे वळले.

"ही बाई खाली का आली, त्याला फॉर्मात रकाना नव्हता. तिने कुठे काही लिहिलंय का?"

"समासात लिहिलंय," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. "पण मला वाचायला लावू नका."

"नाव नका सांगू. पुरावा आहे, वाचा."

पोस्टमास्तरीणबाईंनी चष्मा लावला. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दुसऱ्याचं पत्र मोठ्याने वाचत होत्या. "'महाविद्यालयातली नोकरी सोडली. कारण, सहा बदल्या. माझ्या नव्हेत.'"

गच्चीवर टाकीच्या गळतीचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला.

निरीक्षकांच्या मनात पहिल्यांदा आलं, योगायोग. मग त्यांनी सवयीने त्याची शक्यता काढायला घेतली. चौदा घरं. त्यांतल्या बदलीच्या नोकऱ्या किती? एक. सहा बदल्या झालेले किती? ते आकडेमोड करत होते, आणि सगळी इमारत त्यांच्याकडे बघत ती पुरी होण्याची वाट पाहत होती.

"पुढे आहे," पोस्टमास्तरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "'नवऱ्याच्या खात्याच्या परीक्षेचा अभ्यास मी घेतला. तिसऱ्यांदा पास.'"

"तिसऱ्यांदा?" दंतवैद्याच्या बायकोने विचारलं.

सेक्रेटरी गेले तीन आठवडे लिफ्टऐवजी जिना चढत होते. ते नुसतं एवढंच म्हणाले, "बायकोला काय हवं-नको ते विचारत जा कधी."

निरीक्षकांनी खाली बसायला खुर्ची पाहिली. ती तक्त्यामागे होती, आणि तक्ता हलवल्याशिवाय तिथे जाता येत नव्हतं, म्हणून ते पट्टी धरून उभेच राहिले.

"बाबा," लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नुसती हिशेब जुळवून बघत होती. "म्हणजे माझं लग्न तुमच्यामुळे अडलं."

"नियम तसाच होता," ड्रायव्हिंगवाले आजोबा म्हणाले. "बाई खाली आली. नकारच झाला की हा. दुर्दैव."

तेव्हा बायको उठली. सोसायटीच्या सभेत ती एकोणीस वर्षांत बोलली नव्हती, आणि आताही ती सभेशी बोलत नव्हती.

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी हे सांगायचे. मी खाली आले हा आकडा बरोबर आहे. पण कशामुळे? खालच्या पायरीवरच्या माणसाशी लग्न केलं म्हणून, की तो चढत असताना सहा वेळा सामान बांधलं म्हणून? तुमच्या तक्त्यात ही दोन कारणं वेगळी करता येत नाहीत."

"मग ती वेगळी करायची कशी?" निरीक्षकांनी विचारलं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. त्यांचा आवाज तिसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या कारकुनासारखा झाला होता.

"पुढच्या नमुन्याला विचारा. मागे उभा आहे."

सगळ्या खुर्च्या कुरकुरल्या. काटेवाल्याने मागच्या कठड्याकडे पाहिलं, पण त्यापलीकडे चार मजले होते.

निरीक्षक खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा ते उठून त्याच्याकडे गेले होते. इतक्या जवळून तो त्यांच्यापेक्षा उंच निघाला.

"तिच्या प्रयोगशाळेच्या चार शहरांत शाखा आहेत," ते म्हणाले. "बढती मिळाली की बदली होते. तिची बदली झाली तर तू काय करणार?"

काटेवाल्याने विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागतो हे निरीक्षकांना माहीत होतं, आणि कचेरीत ते यावरून त्याला बोललेही होते.

"माझं दुकान एका पेटीत मावतं, साहेब," तो म्हणाला. "आणि काटे सगळीकडे बिघडतात."

"परवाना इथला आहे. तिथे चालणार नाही. नव्याने काढावा लागेल."

"काढीन."

"सहा महिने जातात. मला माहीत आहे, मीच लावतो. एका कागदावर सही नाही म्हणून परत पाठवतात, मग सही आहे पण तारीख नाही म्हणून. आणि तिच्या सहा बदल्या झाल्या तर?"

"सहा परवाने," काटेवाला म्हणाला.

निरीक्षकांनी पट्टी काखेत मारली. लोकांना वाटलं ते नाराज आहेत. पण प्रेमासाठी माणसं काय काय करतात याचे जे किस्से आजवर त्यांच्या कानांवर आले होते, ते सगळे त्यांना आता किरकोळ वाटत होते. वजनमापे खात्याकडून सहा वेळा नवा परवाना काढायची तयारी दाखवणारा माणूस एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर उभा राहिला नव्हता.

त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि हाताने पुसली.

"बस," ते म्हणाले.

काटेवाल्याने आधी लेकीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसला. एकदम सगळं वजन टाकायचं नाही ही त्याची सवय होती. सेक्रेटरींनी घसा खाकरला आणि सभेने टाकीच्या गळतीचा विषय हाती घेतला. नमुना अकराचा निकाल सभेच्या इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढाच नोंदवला आहे.

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी बायको म्हणाली की पलीकडच्या शाळेत प्रयोगशाळेसाठी शिक्षिका हवी आहे. अर्जाला पदवीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते माळ्यावर आहे.

ते माळ्यावर कुठे असेल याचा निरीक्षकांना अंदाज होता. तिथे पुढच्या बाजूला त्यांच्या एकतीस वर्षांच्या तपासणीच्या डायऱ्या सालवार लावलेल्या होत्या. जे काही आधीचं होतं ते त्यांच्या मागे होतं.

बायकोने स्टूल आणलं. त्या स्टुलाचा एक पाय चार मिलिमीटर आखूड होता. निरीक्षकांनी तो मोजून अकरा वर्षं झाली होती. दुरुस्त करायचा राहून गेला होता.

"थांब, मी चढतो," ते म्हणाले.

"तुम्ही चढलात तेवढं पुरे."

"मग मी काय करू?"

"स्टूल धरा. आणि हलू नका."

ती चढली. वरून पहिली डायरी खाली आली, मग दुसरी, मग एका बदलीच्या गावातल्या तीन एकदम. एक त्यांच्या पायावर पडली. निरीक्षक दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते. वर कागदांचा आवाज येत होता, मधूनच ती काहीतरी वाचायला थांबली असावी असं वाटत होतं. त्यात किती वेळ गेला ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. घड्याळ डाव्या मनगटावर होतं, आणि ते बघायचं तर एक हात सोडावा लागला असता.